फेरेट: तीन तासांचं पोट आणि उजेडावर चालणारं शरीर

लांबुळकं अंग, आखूड पाय, डोळ्यांभोवती काळपट पट्टा आणि सोफ्याखालून तिरक्या उड्या मारत बाहेर येण्याची सवय. फेरेटचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर सारखे समोर येतात आणि आपल्याकडे बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे मुंगूस आहे का?’ नाही. मुंगसाचं नातं मांजर आणि तरसाच्या शाखेशी आहे. फेरेट कुत्रा, अस्वल यांच्या शाखेतला. आपल्या भागात त्याचा जवळचा भाऊबंद शोधायचा तर कोकण-गोव्याच्या नद्याखाड्यांतलं पाणमांजर बघायचं.

पाळीव फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने तयार केला, तोही निदान 2000 वर्षांपूर्वी. कारण ससे. बिळात शिरून सशाला बाहेर हाकलायचं हे त्याचं काम. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो याच्या लिखाणात या कामाचा उल्लेख सापडतो. अमेरिकेत ज्याला वाचवण्यासाठी मोठी मोहीम चालू आहे तो काळ्या पायांचा फेरेट वेगळा. ती रानातली, दुर्मिळ जात, तिचा पाळण्याशी काही संबंध नाही.

एवढी ओळख पुरे. आता कामाचं. फेरेट म्हणजे लहान आकाराची मांजर, असं समजून लोक तो घरी आणतात आणि फसतात. त्याच्या देखभालीचे नियम वरवर पाहता विचित्र वाटतात: उपाशी ठेवू नका, फळं देऊ नका, संध्याकाळी दिवे घालवा, वारंवार आंघोळ घालू नका. पण त्यातले बहुतेक दोनच गोष्टींतून निघतात. एक, त्याचं आतडं फार आखूड आहे. दुसरी, त्याचे हार्मोन दिवसाच्या उजेडाच्या लांबीवर चालतात. या दोन गोष्टी नीट समजल्या की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

आधी पोट. फेरेटने खाल्लेलं अन्न साधारण तीन ते चार तासांत बाहेर पडतं. भाजीपाला, धान्य, तंतू पचवायला प्राण्याला लांब आतडं आणि त्यात जिवाणूंना काम करायला वेळ लागतो. फेरेटकडे दोन्ही नाही. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असणारी पिशवी, म्हणजे सीकम, तीसुद्धा त्याला नसते. त्यामुळे त्याला ताकद मिळते ती मांसातल्या प्रथिनांतून आणि चरबीतून. कोरडं खाणं विकत घेताना पाकिटामागे प्रथिनं निदान 35 टक्के, चरबी 20 टक्क्यांच्या आसपास आणि तंतू 3 टक्क्यांहून कमी आहेत का ते बघायचं. पहिले दोन-तीन घटक मांसाचे हवेत. फेरेटचं खास खाणं मिळत नसेल तर मांजराच्या पिल्लांचं चांगल्या प्रतीचं खाणं तात्पुरतं चालतं, कुत्र्याचं चालत नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये बरेच जण कच्चं मांस किंवा कोंबडीची एक दिवसाची गोठवलेली पिल्लं देतात. वाचताना नको वाटेल, पण फेरेटच्या शरीराला यापेक्षा बरं खाणं शोधून सापडणार नाही.

म्हणून शाकाहारी घराने सरळ दुसरा प्राणी बघावा असं माझं मत आहे. फेरेटला श्रावण नसतो. वरण-भात, दुधात कुस्करलेली पोळी, केळ्याचा तुकडा हे सगळं तो आवडीने खाईलही, कारण गोडाची त्याला हाव असते. पण पचणार नाही, आणि गोड खाणं पुढे ज्या आजाराकडे बोट दाखवतं त्याबद्दल खाली येतंच. बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण पूर्ण बंद.

खाणं चोवीस तास समोर असायला हवं, कारण तो दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खातो. सहा-सात तास पोट रिकामं राहिलं तर साखर खाली येऊ शकते. म्हणून ऑपरेशनआधी कुत्र्याला ठेवतात तसं फेरेटला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. तीन-चार तास पुरतात. हे डॉक्टरला ठाऊक आहे का, ते आधीच विचारून घ्यावं. शिवाय पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं खाणं मिळालं तेवढंच ‘खाणं’ असं त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. वर्षाच्या फेरेटसमोर नवं खाणं ठेवलं तर तो उपाशी बसेल, पण तोंड लावणार नाही. पिल्लू लहान असतानाच दोन-तीन प्रकारांची चव लावून ठेवावी. मोठ्याचं खाणं बदलायचं तर जुन्यात नवं मिसळत काही आठवडे काढावेत.

आतड्याचा आणखी एक धोका म्हणजे ते पटकन तुंबतं. फेरेटला रबर आणि फोम चघळायचा नाद असतो. रिमोटची बटणं, इअरफोनची टोपणं, स्लिपरचा तुकडा, लहान मुलांची फुग्यासारखी मऊ खेळणी, हे सगळं पोटात जातं. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या फेरेटला तातडीने डॉक्टरकडे न्यावं लागतं त्यामागे बहुतेकदा हेच असतं. खाणं सोडलं, तोंडाशी पंजा घासतोय, दात खातोय, शी अगदी बारीक किंवा बंद झाली, तर उद्या बघू म्हणायचं नाही. म्हातारपणी हीच अडचण त्याच्या स्वतःच्या केसांच्या गोळ्याने होते.

घराची तयारीही त्याच्या अंगकाठीवरूनच ठरते. बिळात शिरायला घडवलेला प्राणी आहे. डोकं गेलं की धड जातं. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी फट बुजवायची. वॉशिंग मशीन आणि फ्रिजची मागची बाजू, स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीखालची पोकळी, नळाचं भोक हे आधी तपासायचं. मागे रेलणारी आरामखुर्ची घरात असेल तर ती काढून टाका, असं जुने फेरेटवाले बजावून सांगतात. तिच्या यंत्रात अडकून फेरेट चिरडतात. पिंजरा दोन-तीन मजल्यांचा, खाली जाळी नसलेला, आत कापडाची झोळी टांगलेली. झोळीत तो 14 ते 18 तास झोपतो. झोप इतकी गाढ की उचलला तरी मान लुळी पडलेली असते आणि नवा मालक घाबरून डॉक्टरला फोन लावतो. अंग गरम असेल, श्वास चालू असेल तर थांबा, तो मिनिटभराने जांभई देईल. जागा असताना मात्र त्याला रोज निदान चार तास पिंजऱ्याबाहेर हवेत, तेही माणसाच्या सोबतीने. शेपटी फुगवून, पाठ कमानीसारखी करून तो आडव्या उड्या मारतो आणि घशातून डुक-डुक असा आवाज काढतो, तेव्हा तो खुशीत असतो, रागात नाही.

शी-शू तो कोपऱ्यात पाठ लावून करतो, तेव्हा लिटर बॉक्स कोपऱ्यातच ठेवायचे आणि एकापेक्षा जास्त ठेवायचे. त्यात कागदाच्या गोळ्या घालाव्यात. मांजरांसाठी मिळणारी घट्ट गोळे होणारी माती त्याच्या नाकात आणि पोटात जाते. तरीही अधूनमधून नेम चुकणार, हे आधीच मान्य करून टाका. पिल्लं चावतात, कारण त्यांच्या भावंडांची कातडी जाड असते आणि खेळण्याची तीच रीत ते आपल्या बोटांवर वापरतात. मारून उपयोग होत नाही, उलट भीतीने चावा वाढतो. खेळ थांबवून काही मिनिटं पिंजऱ्यात ठेवलं की शिकतो. तान्ह्या बाळाजवळ त्याला एकटं कधीच सोडायचं नाही. घरात ससा, हॅमस्टर किंवा पोपट असेल तर फेरेट आणूच नका.

वासाबद्दल सगळे विचारतात. वास येतो, कस्तुरीसारखा उग्र, आणि पूर्ण जात नाही. गुदद्वाराजवळच्या ग्रंथी काढल्या की वास जाईल असा समज अमेरिकेत पक्का आहे, पण रोजचा वास त्या ग्रंथींचा नसून कातडीतल्या तेलाचा असतो. आंघोळ घातली की तेल निघून जातं, शरीर ते भरून काढायला आणखी तेल सोडतं आणि दोन दिवसांनी वास वाढतो. त्यापेक्षा झोळीचं कापड दर आठवड्याला धुवा. नसबंदीने, म्हणजे अंडाशय किंवा वृषण काढून टाकल्याने, वास खरोखर कमी होतो.

नसबंदीचा विषय निघाला की फेरेट पाळण्यातली सर्वांत अवघड गोष्ट समोर येते. ती सावकाश समजून घेऊ.

वसंतात दिवस मोठा होऊ लागला की फेरेटच्या डोळ्यांमार्फत मेंदूला खबर जाते. उजेड वाढला की मेलाटोनिन हे अंधारात सुटणारं हार्मोन कमी होतं, मेंदूतून त्याच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला हुकूम जातो आणि तिथून सुटलेले हार्मोन अंडाशयाला किंवा वृषणाला कामाला लावतात. मादी माजावर येते. मांजरीसारखंच तिचंही बीज आपोआप सुटत नाही, नराशी संबंध आला तरच सुटतं. फरक पुढे आहे. नर भेटला नाही तर फेरेटची मादी थोड्या दिवसांनी शांत होत नाही. ती महिनोन्‌महिने माजावरच राहते. तेवढा सगळा काळ रक्तात इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन भरपूर. इतकं इस्ट्रोजेन हाडांच्या आतल्या मज्जेला दाबून टाकतं, आणि रक्त तिथेच तयार होतं. आधी प्लेटलेट्स कमी, मग पांढऱ्या पेशी, मग लाल. हिरड्या फिक्या पडतात, कातडीखाली रक्ताचे ठिपके दिसतात, मागचे पाय लटपटतात. वेळीच थांबवलं नाही तर मादी मरते. म्हणजे मादी पाळायची, पिल्लं नकोत आणि काहीच करायचं नाही, असा पर्याय निसर्गाने ठेवलेलाच नाही.

मग नसबंदी करून टाकावी, हे साहजिक उत्तर. अमेरिकेत बाजारात येणाऱ्या बहुतेक पिल्लांची ती साधारण सहा आठवड्यांची असतानाच केलेली असते. कानातले टॅटूचे दोन ठिपके म्हणजे नसबंदी झाली आणि गुदग्रंथी काढल्या अशी खूण. पण इथे दुसरा सापळा आहे.

घराच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो. टाकी भरली की तो मोटर बंद करतो. अंडाशय आणि वृषण यांतून रक्तात जाणारे हार्मोन पिट्यूटरीसाठी हेच काम करतात: पुरे झालं, थांब. नसबंदीत ते अवयवच निघून जातात. थांबवणारं कोणी नाही, आणि दिवस मोठा झाला की पिट्यूटरी हुकूम सोडत राहते. तो ऐकायला उरलेली एक जागा म्हणजे मूत्रपिंडाशेजारची ॲड्रिनल ग्रंथी. फेरेटच्या ॲड्रिनलमध्ये त्या हुकुमाला दाद देणाऱ्या पेशी असतात. वर्षानुवर्षं चेतवली गेल्यावर ती ग्रंथी वाढते, स्वतःच लैंगिक हार्मोन करू लागते आणि पुढे तिथे गाठ होते. नेदरलँड्समध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नसबंदी आणि या आजाराचं निदान यांच्यात सुमारे साडेतीन वर्षांचं अंतर आढळलं. नसबंदी जितकी लवकर, तितकी आजाराची गाठही कमी वयात.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. शेपटीपासून केस गळायला लागतात आणि टक्कल दोन्ही कुशींवर सारखंच पसरतं. नसबंदी झालेल्या मादीचं योनिमुख सुजतं. नराचं प्रोस्टेट वाढून लघवी अडते, आणि लघवी अडलेला फेरेट त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावा लागतो. एक फसवी गोष्ट: कुत्र्याच्या ॲड्रिनलच्या आजारात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, म्हणून फक्त कुत्री बघणारा डॉक्टर कॉर्टिसॉल तपासतो, ते नॉर्मल येतं आणि मालक निर्धास्त होऊन घरी जातो. फेरेटमध्ये वाढलेले असतात ते इस्ट्रोजेनसारखे हार्मोन. तपासायचे ते, किंवा सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार बघायचा.

आजचा बरा उपाय म्हणजे डेस्लोरेलिन नावाच्या औषधाचं तांदळाच्या दाण्याएवढं इम्प्लांट, दोन खांद्यांमध्ये कातडीखाली बसवलेलं. हे औषध पिट्यूटरीला सतत चेतवत राहतं. पहिले काही दिवस लक्षणं वाढल्यासारखी वाटतात. मग ती ग्रंथी दाद देणंच सोडते आणि हुकूम बंद पडतो. 4.7 मिलिग्रॅमचं इम्प्लांट बहुधा वर्षाहून जास्त टिकतं, मग नवं बसवायचं. युरोपात अनेक जण आता शस्त्रक्रियेऐवजी हेच करतात, म्हणजे दोन्ही सापळे टळतात. आधीच झालेली गाठ मात्र त्याने विरघळत नाही. लक्षणं आटोक्यात राहतात. गाठ काढायची तर डावी ग्रंथी त्यामानाने सोपी. उजवी शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेला चिकटून असते, तिला हात लावायला अनुभवी सर्जन लागतो. ब्रिटनमध्ये एक जुनी युक्तीही आहे. वृषण न काढता फक्त शुक्रवाहिनी बांधलेला नर मादीसोबत ठेवतात, मिलनानंतर बीज सुटतं, मादी सुमारे सहा आठवडे खोट्या गाभणपणात जाते. मोसमात हे पुन्हा करावं लागतं.

घरातल्या दिव्यांचा संबंध इथे येतो. ज्या घरात टीव्ही आणि ट्यूबलाइट रात्री बारापर्यंत चालू, तिथे फेरेटसाठी बारा महिने उन्हाळा. संध्याकाळी पिंजरा जाड कापडाने झाकून किंवा वेगळ्या खोलीत ठेवून रोज 12 ते 14 तासांचा पक्का अंधार द्यावा, निदान हिवाळ्यात तरी. उपाय फुकटचा आहे, आणि करणारे थोडे. त्याच घड्याळामुळे हिवाळ्यात नसबंदी न झालेल्या नराचं वजन तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतं आणि वसंतात उतरतं. तो आजार नव्हे.

आता तो गोडाशी नाव जोडलेला आजार: इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशींची गाठ होते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि रक्तातली साखर खाली जाते. थोडक्यात, माणसाच्या मधुमेहाच्या अगदी उलट. साधारण तीन-चार वर्षांनंतर दिसतो. फेरेट मध्येच थांबून शून्यात बघत राहतो, लाळ गळते, तोंडाशी पंजे मारतो, मागचे पाय ओढत चालतो, शेवटी झटके. साखर 60 मिलिग्रॅमच्या खाली आली की डॉक्टर बहुधा याचाच संशय घेतात. पिष्टमय आणि गोड खाण्याने इन्सुलिनच्या पेशींवर ताण येतो, असं बरेच डॉक्टर मानतात. घरातला प्रथमोपचार म्हणजे हिरड्यांना बोटाने थोडा मध चोळणं. झटका चालू असताना कापसाच्या काडीने चोळा, बोट दातांत सापडतं. शुद्धीवर आला की लगेच मांसाचं खाणं द्या, कारण नुसत्या मधाने साखर वर जाते, इन्सुलिनचा नवा लोंढा येतो आणि ती पुन्हा कोसळते. मग डॉक्टर. प्रेडनिसोलोनसारख्या औषधांवर अनेक फेरेट बरेच महिने नीट जगतात.

संसर्गांमध्ये पहिला शत्रू म्हणजे डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग. लागण झालेला फेरेट जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि विषाणू बुटांना, कपड्यांना चिकटून घरात येऊ शकतो. लस टोचायचीच, पण कुत्र्याची कुठलीही नाही. जिवंत विषाणूच्या काही लशींनी फेरेटला डिस्टेंपरच होऊ शकतो. लस टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं, कारण काहींना तीव्र ॲलर्जी होते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर. डासांतून येणारा हृदयातला जंतही लक्षात ठेवावा. एवढ्याशा हृदयात एक-दोन जंतही जीव घ्यायला पुरतात.

डिस्टेंपरवरूनच एक गोष्ट आठवते. लंडनच्या मिल हिलमध्ये या रोगाच्या लशीसाठी फेरेट पाळलेले होते. 1933 मध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लू झालेल्या माणसांच्या घशातला द्रव त्यांच्या नाकात घातला. फेरेट शिंकू लागले, आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला. पुढे स्मिथ यांनाच फ्लू झाला आणि त्यांच्याकडून मिळालेला विषाणू त्यांच्या आद्याक्षरांवरून डब्ल्यूएस म्हणून ओळखला जातो. फ्लूच्या संशोधनात आजही फेरेट वापरतात. घरापुरता अर्थ असा की तुम्हाला सर्दी-ताप असेल तर फेरेटपासून दूर राहा, आणि तो शिंकत असेल तर त्याला गालाशी धरू नका.

महाराष्ट्रात पाळावा का? मी नको म्हणेन. फेरेटला घाम जवळजवळ येत नाही आणि धापा टाकून अंग थंड करणंही त्याला नीट जमत नाही. 15 ते 21 अंश त्याला मानवतात. 30 च्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो. विदर्भ सोडाच, पुण्यातला एप्रिलही त्याला झेपणारा नाही. एसी चोवीस तास हवा, आणि वीज गेल्यावर काय, याचंही उत्तर हवं. अंग तापून तो निपचित पडला तर पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, बर्फाच्या पाण्याने नाही, आणि दवाखाना गाठा. त्यात फेरेट बघितलेला डॉक्टर मिळणं हा वेगळाच शोध.

परदेशातल्या मराठी घरांची अडचण निराळी. कॅलिफोर्निया आणि हवाईमध्ये फेरेट पाळणं बेकायदा आहे, त्यामुळे टेक्सासहून कॅलिफोर्नियातल्या बे एरियात बदली झाली तर तो सोबत नेता येत नाही. न्यूयॉर्क शहराने 1999 मध्ये बंदी घातली आणि 2015 मध्ये ती उठवण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. हडसनपलीकडे न्यू जर्सीत परवाना काढून पाळता येतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये बंदी आहे. न्यूझीलंडमध्ये 1880 च्या दशकात सशांवर उतारा म्हणून फेरेट आणले, ते रानात पसरले आणि किवीसारख्या न उडणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठले. 2002 पासून तिथे त्यांची विक्री आणि पैदास बंद आहे. हा इतिहास माहीत असला की कॅलिफोर्नियाचा कायदा तितकासा खुळचट वाटत नाही.

जिथे परवानगी आहे, हवा थंड आहे आणि डॉक्टर आहे, तिथे पिल्लू विकत घेण्यापेक्षा निवारा केंद्रातला तीन-चार वर्षांचा फेरेट घेणं मला जास्त पटतं. आयुष्य सहा ते आठ वर्षांचं असतं, तेव्हा अजून बरीच वर्षं सोबत मिळते आणि स्वभाव आधीच कळलेला असतो. केंद्राला एवढं विचारा: नसबंदी कोणत्या वयात झाली, इम्प्लांट शेवटचं कधी बसवलं, रक्तातली साखर हल्ली तपासली का, डिस्टेंपरची कोणती लस दिली, आणि सध्या तो नेमकं कोणतं खाणं खातो. त्या खाण्याचं एक पाकीट त्यांच्याकडूनच घेऊन या.